पंगती असतात, कबूल

पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय २०२५च्या एप्रिलमध्ये निघाला, जूनअखेर मागेही घेतला गेला. त्या वादातला एक टोमणा मात्र अजून फिरतो आहे: परदेशात बसलेल्यांनी मराठीवर बोलू नये, त्यांची मंडळं म्हणजे गणपती, नाटकं आणि पंगती. पंगती असतात, कबूल. नाटकाच्या मध्यंतरात वडा गार निघाला तर अध्यक्षांची खुर्ची डळमळते.

पण इथे अमेरिकेत त्याच मंडळाची रविवारची मराठी शाळा घोषणांवर चालत नाही. आधी राज्यात ना-नफा संस्था म्हणून नोंदणी, मग ईआयएन हा संस्थेचा कर-क्रमांक, मग आयआरएसकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे, करसवलतीचा अर्ज. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल तर १०२३-ईझी हा छोटा फॉर्म, शुल्क २७५ डॉलर. नाहीतर लांबलचक १०२३, शुल्क ६००. संस्था बंद पडली तर शिल्लक दुसऱ्या धर्मादाय कामाला जाईल, हे कलम मंडळाच्या घटनेत हवंच. पुढे लहान मंडळाला दरवर्षी ९९०-एन हा करखात्याचा छोटा ऑनलाइन फॉर्म भरायचा. काम पाच मिनिटांचं, पण सलग तीन वर्षं भरायचं राहिलं की सवलत आपोआप रद्द आणि कंपन्यांचं मॅचिंगही, म्हणजे कर्मचाऱ्याच्या देणगीत कंपनीने घातलेली भरही, बंद. राहतं ते आळसाने नव्हे. कार्यकारिणी बदलते आणि जुन्या खजिनदाराबरोबर पासवर्ड डलासला जातो.

वर्ग डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या शालेय मंडळाच्या शाळेत, भाड्याने. कित्येकदा भाड्यापेक्षा रविवारचा कस्टोडियन, म्हणजे इमारत उघडणारा-झाडणारा माणूस, महाग पडतो. विम्याच्या सर्टिफिकेटवर डिस्ट्रिक्टचं नाव नसेल तर कुलूप निघत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ या इथल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या शाळांना पुण्याच्या भारती विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे, तेव्हा काय शिकवायचं हा प्रश्न सुटलेला. गळती लागते सहावी-सातवीत, ट्रॅव्हल सॉकर, म्हणजे गावोगावचे फुटबॉल सामने, सुरू झालं की. त्यावर चालणारा उपाय म्हणजे मोठ्या मुलांना सहायक शिक्षक करणं आणि त्यांचे तास स्वयंसेवेत मोजून देणं. सील ऑफ बायलिटरसीचं, म्हणजे दोन भाषा येतात या शालेय शिक्क्याचं, आमिषही थोडं कामी येतं.

मराठीसाठी मोर्चात चालणाऱ्यांची मुलं कुठल्या माध्यमात आहेत, हे तिकडे विचारायचं नसतं म्हणे. इकडे निदान फी भरून, तासभर गाडी हाकून मुलांना आणतात. ती वर्गाबाहेर पडताच इंग्रजीत भांडतात, पण ते आम्ही स्मरणिकेत छापत नाही.

आणखीही एक गोष्ट छापत नाही. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कला-निधीचा फॉर्म विचारतो: कार्यक्रम सगळ्यांना खुला आहे का, आजवर डावलल्या गेलेल्या कोणत्या समाजापर्यंत तो पोचेल? पूजेला हा पैसा मिळत नाही. लेझीमच्या कार्यशाळेला मिळू शकतो, तोही बहुधा खर्च झाल्यावर, पावत्या दाखवून. डावललेला समाज कोणता, तर आम्हीच, असं आम्ही लिहून टाकतो. अमेरिकन गावात ते खोटं नाही. मंडळाच्या आत मात्र संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी पत्रकात आधीच छापलेली असतात आणि १४ एप्रिल बऱ्याच ठिकाणी नसतो. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मेरीलँडमध्ये अ‍ॅकोकीकला बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला, तो आंबेडकरी संस्थेने स्वतःच्या जागेत उभारला. आपली माणसं म्हणून आम्ही इथे जमवली, ती बहुतेक सोडून आलेल्या सोसायटीतलीच.

गावाकडचे टीकाकार यावर बोलत नाहीत. त्यांना पंगत पुरते. १४ एप्रिलचा कार्यक्रम पत्रकात घालायचा तर निधीचा अर्ज आठ-दहा महिने आधी जायला हवा. म्हणजे ठराव याच वार्षिक सभेत आणावा लागेल, आणि तिथे हात कोण वर करणार नाही हे कार्यकारिणीला आत्ताच ठाऊक आहे.