स्वपक्षाला बगल देताना घ्यावयाची काळजी

अभिनंदन, नगराध्यक्षसाहेब. कानामागचा गुलाल निघायच्या आत हे वाचून घ्या. तो निघाला की तुमच्या लक्षात येईल की आता पाच वर्षं, ज्यांनी तुम्हाला निवडून आणलं त्यांच्याबरोबर काम करायचंय. त्यांच्याबरोबर काम होत नसतं. त्यांची फक्त कामं असतात.

गावाचं नाव मी घेत नाही. जिल्हा सातारा, पेढे कंदी, बाकीच्या रिकाम्या जागा तुम्ही भरा.

पहिल्याच आठवड्यात तुमच्या दालनात तुमचे नगरसेवक येतील. एकाला बांधकाम समितीचं सभापतिपद हवं असेल, दुसऱ्यालाही तेच. उपनगराध्यक्षपद सव्वा-सव्वा वर्ष वाटून द्यायचा शब्द प्रचारात तुम्ही चौघांना दिलाय, तो चौघांनाही आठवत असेल. गटनेते बापू काहीच मागणार नाहीत, फक्त घंटागाडीच्या ठेक्याचं काय झालं एवढं विचारतील, आणि मग समजेल की ठेकेदार त्यांच्या मेहुण्याचा साडू आहे. ही माणसं तुमच्यासाठी उन्हातान्हात फिरलीत. ती हे विसरणार नाहीत आणि तुम्हालाही विसरू देणार नाहीत.

आता समोरच्या बाकांवर बघा. तिथं आबा बसलेत, विरोधी पक्षनेते. त्यांनी तुमच्याविरुद्ध तीन आठवडे स्पीकर लावला होता, त्यामुळे त्यांना तुमच्याकडून कसलीच अपेक्षा नाही. ज्याला अपेक्षा नाही त्याचं थोडक्यात भागतं. त्यांच्या प्रभागातला एक रस्ता, एक ओपन जिम, पुतण्याचं एक बिल. हिशेब साधा आहे: आपल्या अठरा जणांना सांभाळण्यापेक्षा समोरच्या एकाला सांभाळणं स्वस्त पडतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१६ ला थेट जनतेतून नगराध्यक्ष आला, २०२० ला ते रद्द झालं, २०२२ ला परत आलं. सरकारं बदलत राहिली तरी तुमचं नशीब थेटच निघालं. तुम्हाला नगरसेवकांनी नाही, गावाने बसवलंय. २०१६ ला कऱ्हाडात नगराध्यक्ष भाजपचा आला आणि सभागृहात बहुमत जनशक्ती आघाडीचं, तेव्हा समोरच्यांशी जमवून घेणं ही गरज होती. तुमच्याकडे बहुमत असूनही तुम्ही जमवणार आहात. याला कला म्हणतात. साताऱ्यातलं मनोमिलन मात्र डोळ्यासमोर ठेवू नका. उदयनराजे आणि शिवेंद्रसिंहराजे या दोन्ही राजांच्या आघाड्या एकत्र आल्या काय, २०१६ ला समोरासमोर लढल्या काय, सगळं उघड्यावर, फ्लेक्स लावून. तुम्हाला हवंय ते बिनफ्लेक्सचं.

या विषयात अमेरिकेकडून काय शिकू नये ते सांगतो, कारण तुमच्या कट्ट्यावरचा एखादा शिकलेला पोरगा ट्रम्पचं उदाहरण देणार. तारीख ६ सप्टेंबर २०१७. ट्रम्प यांच्या दालनात दोन्ही पक्षांचे पुढारी बसलेले. विषय दोन: देशाची कर्जमर्यादा वाढवायची आणि हार्वे वादळाने टेक्सासचं जे वाटोळं केलं त्याला पैसे सोडायचे. स्वपक्षाच्या मॅककॉनेल आणि रायन यांना मर्यादेची मुदत लांबची हवी होती, पुढची निवडणूक पार होईल अशी. विरोधी शूमर आणि पेलोसी तीन महिन्यांवर अडलेले. रायन यांनी त्याच दिवशी सकाळी तीन महिन्यांची कल्पना हास्यास्पद ठरवून टाकली होती. आणि स्वतःचे अर्थमंत्री लांबच्या मुदतीची बाजू मांडत असताना ट्रम्प यांनी विरोधकांच्या तीन महिन्यांना होकार देऊन टाकला. भर बैठकीत. रायन समोर बसलेले असताना!

काय हा अडाणीपणा. आपल्या माणसाचा पाणउतारा करायचा तर तो त्याच्या माघारी करावा, एवढी साधी रीत आपल्याकडे वॉर्ड अध्यक्षालाही कळते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी शूमर-पेलोसींना जेवायला बोलावलं, चायनीज खाऊ घातलं. पाहुण्यांनी बाहेर येऊन स्थलांतरितांच्या पोरांना देशात राहू देण्याचं ठरल्याचं जाहीर केलं आणि यजमानांनी सकाळी उठून काहीच ठरलं नसल्याचं ट्वीट केलं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच पेलोसीबाई अध्यक्ष असलेल्या सभागृहाने ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवला. म्हणजे जेवणही गेलं. आपल्याकडे हायवेवरच्या ढाब्यात एकत्र बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांवर भ्रष्टाचाराचे आरोप करतात, पण ते आरोप आदल्या रात्री तिथंच ठरलेले असतात. शिस्त म्हणतात ती ही.

त्यांच्याकडे दुसरीही एक वाईट खोड आहे, नोंद ठेवायची. नोव्हेंबर १९९३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांना मेक्सिको-कॅनडाबरोबरचा व्यापार करार पास करून घ्यायचा होता. प्रतिनिधीगृहात बाजूने २३४ मतं पडली, विरोधात २००. त्या २३४ मध्ये क्लिंटन यांच्या पक्षाची १०२ आणि विरोधी पक्षाची १३२. स्वतःच्या पक्षातले निम्म्याहून जास्त लोक विरोधात गेले. कोण कुठं होता ते नावानिशी छापून ठेवलंय, आज कुणीही बघावं. असल्या गावात माणूस जगणार कसा?

तुम्ही मतदान होऊच देऊ नका. मतदान आलं की व्हीप म्हणजे पक्षादेश आला, व्हीप मोडला की नगरसेवकपद घालवणारा १९८६ चा अनर्हता कायदा आला, जिल्हाधिकाऱ्यांपुढं तारखा आल्या. मतदानच झालं नाही तर कुणी काही मोडलं असं म्हणता येत नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभा कशी चालवायची ते नीट समजून घ्या. या लेखातला कामाचा भाग हाच आहे.

विषयपत्रिकेवर तीस-बत्तीस विषय ठेवा. पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तिथंच आबांनी उठायचं आणि मोकाट कुत्र्यांवर बोलायचं. आबांचा आवाज मोठा आहे, टेबलावर हात आपटायची त्यांना सवय आहे, पत्रकारांच्या बाकावर पेनं उघडली जातात. तुम्ही चेहरा पाडून ऐकायचं. तुमची माणसं तुमच्या बचावाला उठतील, आबांवर धावून जातील, एखादा माईक ओढेल. बापूंचा घसा पहिल्या अर्ध्या तासात बसला पाहिजे. मग आबांनी सभात्याग करायचा आणि अँटीचेंबरमध्ये जाऊन बसायचं. त्या खोलीला मागं दार आहे ना, ते आधी बघून घ्या. नसेल तर तीच तुमच्या कारकिर्दीतली पहिली निविदा.

त्यानंतर बटाटेवडे. गरम पाहिजेत, आणि चटणीची वाटी प्रत्येकाला वेगळी, म्हणजे दोन्ही हात अडकतात. तोंडं भरलेली असताना सभा लिपिकाने ऐनवेळच्या विषयांचा कागद काढायचा आणि कारखान्याच्या वजनकाट्यावरचा माणूस गाड्यांचे नंबर पुकारतो तसा एका दमात वाचायचा. एलईडी दिवे देखभाल मुदतवाढ, कचरा डेपो सपाटीकरण, भाडेतत्त्वावर जेसीबी, येणाऱ्या खर्चास मंजुरी. एव्हाना आबा परत येऊन बसलेले असतील. ‘मंजूर?’ असं तुम्ही विचारायचं. ‘मंजूर, मंजूर’ हा आवाज समोरच्या बाकावरून येईल. सूचक तुमचा, अनुमोदक आबांचा, इतिवृत्तात ‘सर्वानुमते’. बापू वडा गिळून ‘काय मंजूर?’ असं विचारायला उठतील तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू करायचं. ते चालू असताना बापूंनाही सावधान उभं राहून गप्प राहावं लागतं, आणि संपल्यावर सभा संपलेली असते.

(कुणी हा ठराव थांबवायला नगरपालिका कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलंच, तर तक्रारदार तुमच्याच पक्षाचा निघेल. मग तुम्ही प्रदेश कार्यालयाला कळवायचं की अमुक नगरसेवक पक्षविरोधी कारवाया करतो.)

दोन-तीन सभांनंतर बापूंना वास लागेल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा भांड्यावर नाव घालून घ्या: विकास. ‘विकासात राजकारण आणणार नाही’ हे वाक्य पाठ करा आणि पत्रकार परिषदेत दोनदा म्हणा. ‘वरिष्ठांच्या कानावर घातलंय’ हेही म्हणा. वरिष्ठांच्या कानावर काय घातलं ते कुणी विचारत नाही, आणि वरिष्ठ स्वतः मुंबईत कुणाच्या कानाला लागलेत हे तुम्हाला ठाऊक असल्यामुळे ते तुम्हाला काही बोलत नाहीत.

निष्ठेवर भाषण ठोकायला कुणी उठलाच तर इतिहास काढा. त्याला आपल्या भागात तोटा नाही. १९६९ ला राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. पक्षाच्या संसदीय मंडळात त्यांच्या बाजूने आपले यशवंतराव. खुद्द पंतप्रधान इंदिराबाईंनी खासदार-आमदारांच्या सदसद्विवेकबुद्धीला साद घातली, व्ही. व्ही. गिरी निवडून आले, पक्ष फुटला आणि यशवंतराव इंदिराबाईंकडेच राहिले. १९७८ च्या जुलैत सांगलीच्या वसंतदादांचं सरकार पडलं, ते घरातूनच. पवारसाहेब जनता पक्षाला बरोबर घेऊन पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले, वय वर्षं ३७. तेव्हापासून आपल्याकडच्या भाषणांत खंजीर आहे. तुम्ही मात्र तो शब्द जपून वापरा, व्यासपीठावर कोण कोण बसलंय ते आधी बघून.

पावसाळा हा तुमचा हंगाम. वॉशिंग्टनच्या त्या बैठकीलाही वादळाचं निमित्त होतंच. सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ च्या धोका पातळीकडं सरकायला लागलं की होडी कुणाच्या पक्षाची हे कुणी विचारत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्याची टिंगल करायची माझी हिंमत नाही. छातीभर पाण्यात एकमेकांचे म्हातारे आईबाप उचलून आणणारी पोरं सगळ्या झेंड्यांची होती. तुम्ही तेव्हा एक होऊ नका. पाणी ओसरल्यावर व्हा. निधी तेव्हा येतो. नगरपालिका कायद्याच्या कलम ५८ (२) मध्ये अध्यक्षाला तातडीच्या प्रसंगी सभागृहाच्या मंजुरीआधी काम सुरू करायचा अधिकार आहे, सभागृहाला मागाहून कळवायचं. गाळ काढणं ही तातडी. जंतुनाशक फवारणी ही तातडी. पुढच्या मार्चपर्यंत गाळ निघत राहिला तरी तातडी टिकली पाहिजे, आणि जेसीबी आबांच्या पुतण्याचा असेल तर ती टिकते.

आता एक पथ्य. स्वपक्षाला बगल देणं मुळात वाईट नाही, असं मानणारे काही भाबडे लोक गावात असतात. त्यांचं म्हणणं असं की बापूंनी मेहुण्याच्या साडूपायी पाण्याची योजना अडवून धरली, आणि आबांचे नगरसेवक पाण्यासाठी हात वर करायला तयार असले, तर अध्यक्षाने खुशाल ते हात मोजावेत. मतदान मागावं, नावं इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि चौकात उभं राहून सांगावं की माझ्या पक्षाने अडवलं, त्यांच्या पक्षाने दिलं. खरं तर थेट निवडून दिलेल्या माणसाकडून लोकांची अपेक्षा तेवढीच असते. पण तसं केलंत तर पुढच्या निवडणुकीत तुम्ही याल किंवा पडाल, आणि का आलात किंवा का पडलात हे गावाला कळेल. सल्लागार म्हणून एवढी जोखीम मी सुचवणार नाही.

माझ्या पद्धतीचा मोठा फायदा तुमच्या लक्षात आला असेलच. आबा तुमचे झाले, त्यामुळे ते विचारत नाहीत. बापू विचारतात, पण त्यांना काय हवंय ते गावाला माहीत असल्यामुळे कुणी मनावर घेत नाही. घंटागाडी चार दिवसांनी येते, टाकीवरचा पंप बंद पडतो, नवा पेव्हर ब्लॉक पहिल्या पावसात तिरका होतो, आणि सभागृहात शांतता असते. वर्तमानपत्रं तिला सामंजस्य म्हणतात.

राहता राहिला प्रेक्षकांच्या बाकावरचा तो एकजण. प्रत्येक गावात असतो. बहुतेक निवृत्त शिक्षक, पिशवीत वही, माहितीच्या अधिकाराचे अर्ज घरून लिहून आणतो, पोच घेतल्याशिवाय जात नाही. जेसीबीचे तास मागतो, लॉगबुकाची प्रत मागतो, इतिवृत्ताच्या शेवटच्या पानावर ऐनवेळचे विषय कधी चढले ते विचारतो. त्याला धमकावू नका, तो घाबरत नाही आणि त्याचे विद्यार्थी पोलिसात असतात. तीस दिवस थांबवा, अपिलात पाठवा, तरी तो येईलच. अशा माणसावर उपाय एकच: शाल, श्रीफळ आणि स्वीकृत नगरसेवकपद. जागा भरल्या असतील तर कुणाचा तरी राजीनामा घ्या, नाहीतरी त्या जागा वर्षावर्षाने फिरवायच्या असतात. आबांशी बोलून ठेवा, त्यांची हरकत नसेल. बापूंना सभेतच कळू दे.