छोट्या क्लबांचा कप छोट्या क्लबांनाच राहू द्या

२०१६-१७ च्या हंगामात इंग्लंडमधल्या ल्युटन टाऊन या फुटबॉल क्लबला १५ हजार पाऊंड दंड झाला. कारण एवढंच की ईएफएल ट्रॉफी या खालच्या श्रेणींतल्या क्लबांच्या कपच्या सामन्यांत त्यांनी पहिल्या संघातले पुरेसे खेळाडू न उतरवता आपल्या अकादमीतली, म्हणजे युवा संघातली पोरं खेळवली. पोर्ट्समथलाही तेवढाच दंड. त्या वर्षी डझनभर क्लब याच कलमाखाली सापडले. आणि त्याच वर्षी, त्याच स्पर्धेत, चेल्सी, एव्हर्टन, लेस्टर, वेस्ट हॅम अशा १६ क्लबांच्या अकादमी संघांना पहिल्यांदाच खास निमंत्रण देऊन बोलावलं होतं. मोठ्या क्लबच्या पोरांसाठी दार उघडलं, आणि ज्यांचं घर होतं त्यांच्याच पोरांना आत घेतलं म्हणून पावती फाडली. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, ल्युटनमध्ये राहतो. माझ्या मित्रयादीतले बहुतेक जण मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सीचे. रात्री जागून सामने बघणारी, खेळ मनापासून आवडणारी माणसं. म्हणून ही लांबलचक पोस्ट तुमच्यासाठीच आहे. ज्या क्लबांवर तुमचं प्रेम आहे, त्यांच्या नावाने खालच्या लीगमध्ये काय चाललंय हे तुमच्यापर्यंत फारसं पोचत नाही.

ही ट्रॉफी म्हणजे काय ते आधी सांगतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप यांच्या खाली लीग वन आणि लीग टू आहेत, म्हणजे तिसरी आणि चौथी श्रेणी. या दोन श्रेणींतल्या ४८ क्लबांसाठी १९८३-८४ पासून एक कप स्पर्धा चालते. प्रायोजक बदलला की नाव बदलतं. फ्रेट रोव्हर, शेर्पा व्हॅन, ऑटो विंडस्क्रीन्स, जॉनस्टोन्स पेंट अशी किती नावं होऊन गेली. नावं ऐकून हसणारे खूप भेटतात. पण अंतिम सामना लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर होतो, आणि ज्या क्लबला लहानमोठ्या सगळ्यांच्या एफए कपमध्ये चौथी फेरी बघायला मिळाली तरी दिवाळी, त्याच्यासाठी वेम्बलीला जायचा हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. १९८८ मध्ये वुल्व्ह्ज आणि बर्नली या दोन जुन्या, पार खाली आलेल्या क्लबांचा अंतिम सामना बघायला ८० हजारांवर माणूस आला होता. २०१९ ला पोर्ट्समथ विरुद्ध सुंदरलँड सामन्याला ८५,०२१.

आणि ल्युटनचं २००९. इथल्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसाला विचारा, तो सांगायला लागला की थांबत नाही. आधीच्या मालकांच्या काळातल्या आर्थिक गैरव्यवहारांपायी आणि कर्जबाजारीपणापायी त्या हंगामात क्लबचे ३० गुण कापले होते. पहिल्या सामन्याआधीच उणे ३०. चूक करणारे निघून गेलेले, शिक्षा भोगायला उरले खेळाडू आणि गाव. लीगमधून, म्हणजे वरच्या चार श्रेणींतून बाहेर पडणार हे ऑगस्टपासूनच जवळपास दिसत होतं. तरी हा संघ ट्रॉफीत एकेक फेरी पार करत गेला. उपांत्य फेरीत ब्रायटनला पेनल्टीवर हरवलं. ५ एप्रिलला वेम्बलीवर स्कन्थॉर्पशी गाठ पडली. ५५ हजारांच्या गर्दीत ४० हजारांहून जास्त माणसं ल्युटनची होती. जादा वेळेत क्लॉड ग्नाकपाने गोल केला आणि ३-२ ने कप घरी आला. त्याच महिन्यात क्लब लीगमधून बाहेर गेला आणि पुढची पाच वर्षं बाहेरच राहिला. ती पाच वर्षं या गावाने काढली त्यात त्या दिवसाचा मोठा वाटा आहे, असं इथली माणसं सांगतात आणि माझा त्यावर विश्वास आहे.

ब्रायटन तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता, याच कपसाठी झगडत होता. आज ते प्रीमियर लीगमध्ये आहेत, चांगलं आहे, कष्टाने वर गेले. पण आता या कपात त्यांचा २१ वर्षांखालचा संघ येतो. समजा अशाच २००९ सारख्या एखाद्या वर्षी, उणे ३० वर असलेल्या क्लबला उपांत्य फेरीत एखाद्या बड्या क्लबच्या पोरांनी हरवलं, तर त्या पोरांना त्याचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला जातील आणि प्रशिक्षक त्यांच्या पासांचे आकडे तपासतील. वेम्बलीला त्यांच्यामागे कोण जाणार? त्यांचे आईवडील आणि एजंट.

ही भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये चेल्सीचा २१ वर्षांखालचा संघ उपांत्य फेरीत लिंकनच्या मैदानावर होता. सामना १-१ असा सुटला, पेनल्टीवर लिंकनने जिंकला. लिंकन सिटी सहा वर्षं लीगबाहेर काढून नुकताच परत आलेला क्लब. शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात वेम्बलीवर एकदाही खेळला नव्हता. अंतिम सामन्याला त्या छोट्याशा शहरातून हजारोंनी लोक लंडनला आले, एलियट व्हाइटहाउसच्या गोलवर श्रूजबरीला १-० हरवलं. दोन पेनल्टी इकडच्या तिकडे गेल्या असत्या तर हे सगळं झालंच नसतं. २०२५ पर्यंत एकही अकादमी संघ अंतिम सामन्यात पोचलेला नाही, ही नियम करणाऱ्यांची पुण्याई नाही. लिंकनसारख्यांच्या पायांची आहे.

हे सगळं आलं कुठून, तेही बघा. २०१४ मध्ये एफएचे, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या आयोगाने सुचवलं की लीगच्या उतरंडीतच एक नवी श्रेणी करावी आणि मोठ्या क्लबांचे 'ब' संघ तिथे खेळवावेत. खालच्या क्लबांचे चाहते एवढे भडकले की तो बेत गुंडाळावा लागला. दोन वर्षांनी ट्रॉफीत अकादमी संघ आले, 'प्रयोग' म्हणून. चाहत्यांना लगेच कळलं की पुढच्या दाराने जमलं नाही ते मागच्या दाराने चाललंय. बहिष्कार सुरू झाला. वर्षानुवर्षं एकही सामना न चुकवलेली माणसं मैदानाबाहेर थांबली. काही सामन्यांना काही शेकडा डोकी, खुर्च्यांवर फक्त दव. आणि ज्यांच्यासाठी हा घाट घातला त्या लिव्हरपूल, आर्सेनल, स्पर्स आणि मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांनी पहिल्या वर्षी निमंत्रणच नाकारलं. मग त्या जागा चॅम्पियनशिपमधल्या क्लबांच्या अकादमींनी भरल्या. यातले बरेच मोठे क्लब पुढे आले, पण सोयीने.

त्या पहिल्या वर्षीच्या नियमांचं एक उदाहरण देतो. पहिल्या संघातले किमान पाच खेळाडू सुरुवातीला हवेत असं कलम होतं. ब्रॅडफर्डने बरीविरुद्ध आपला मुख्य गोलरक्षक कॉलिन डॉइल उतरवला आणि तिसऱ्याच मिनिटाला बाहेर काढला. आकडा जुळवण्यासाठी. एका व्यावसायिक क्लबवर ही वेळ यावी याचं मला वाईट वाटतं. आणि ल्युटनच्या ज्या तरुण संघावर दंड बसला, त्याने वेस्ट ब्रॉमच्या अकादमीला हरवलं, आणि क्लब त्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत गेला. हे दुबळे म्हणून दंड बसलेले खेळाडू! आमच्या अकादमीतून आलेला जेम्स जस्टिन पुढे इंग्लंडकडून खेळला. खालच्या क्लबांकडे पोरं घडत नाहीत, हा समज मुळातच चुकीचा आहे.

आता समोरच्यांचं म्हणणं. पहिला मुद्दा, मोठ्या अकादमीतल्या पोरांना गुळगुळीत मैदानावर आपल्यासारख्याच पोरांशी खेळून धक्के खायची सवय होत नाही, तिशीच्या दांडग्या बचावपटूंशी गाठ पडली पाहिजे. यात तथ्य आहे. मान्य. पण त्यासाठी लोनची, म्हणजे खेळाडू काही काळ दुसऱ्या क्लबला उसना द्यायची पद्धत किती वर्षं चालू आहे! बेकहॅम १९९५ मध्ये प्रेस्टनला गेला. हॅरी केन २०११ मध्ये लेटन ओरिएंटला, मग मिलवॉलला. तिथे गेलेला पोरगा त्या क्लबचा शर्ट घालतो. हरला तर शनिवारी संध्याकाळी त्याच गावातल्या माणसांच्या नजरेला नजर द्यावी लागते. केन ओरिएंटकडून खेळला म्हणून आजही ओरिएंटवाले त्याच्याबद्दल आपुलकीने बोलतात. तिथे पोरगा शिकतो आणि क्लबलाही एक खेळाडू मिळतो. पाहुणा संघ म्हणून येणारे अकरा जण मंगळवारी रात्री येतात, खेळतात, बसमध्ये बसून जातात.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि खरी मेख इथेच आहे. गटातल्या प्रत्येक विजयाला १० हजार पाऊंड मिळतात, बरोबरीला ५ हजार, सहभागाचे वेगळे. लीग टूमधल्या क्लबला ही रक्कम लागते. म्हणूनच क्लबांनी हे स्वरूप मतदानाने चालू ठेवलं, हे मी लपवत नाही. पण असं मतदान आधीही झालंय. २०११ मध्ये अकादमींची नवी व्यवस्था ४६ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाली, कारण नाही म्हटलं तर प्रीमियर लीगकडून येणारा युवा विकासाचा पैसा थांबेल अशी टांगती तलवार होती. त्या व्यवस्थेत लहान क्लबचा पोरगा उचलताना द्यायची भरपाई ठरीव झाली. ९ ते ११ वयाच्या मुलाला क्लबने जितकी वर्षं घडवलं, त्या दर वर्षाचे ३ हजार पाऊंड. पुढे तो वर खेळला तर आणखी काही. २०१२ मध्ये वायकम्बने आपली अकादमी बंद केली. २०१६ मध्ये ब्रेंटफर्डने केली, पोरं घडवायची आणि मोठ्यांनी ती किरकोळ भरपाईत न्यायची हे परवडेना म्हणून. म्हणजे आधी तुमची पोरं स्वस्तात न्यायची, आणि मग तीच पोरं मोठ्या क्लबच्या शर्टात तुमच्या कपात तुमच्याविरुद्ध खेळायला आणायची. वर तुम्ही उरलेली आपली पोरं उतरवली तर दंड. मला राग येतो तो या साखळीचा. नुसत्या एका स्पर्धेचा नाही.

स्पेनचं उदाहरण हमखास दिलं जातं, की तिथे तर 'ब' संघ लीगमध्येच खेळतात. खेळतात. १९८० मध्ये तर कॅस्टिला, म्हणजे रेआल माद्रिदचा दुसरा संघ, थेट कोपा डेल रे या राष्ट्रीय कपच्या अंतिम सामन्यात पोचला आणि आपल्याच थोरल्या संघाकडून ६-१ हरला. जर्मनीत १९९३ मध्ये हेर्था बर्लिनचा हौशी संघ असाच कपच्या अंतिम सामन्यात जाऊन लेव्हरकुसेनकडून १-० हरला. गोड गोष्टी आहेत. पण पुढे काय झालं ते सांगायचं राहून जातं. स्पेनने १९९० च्या सुमारास आणि जर्मनीने २००८ मध्ये आपापल्या राष्ट्रीय कपातून दुसरे संघ बंद केले. लीगमध्ये खेळा, कपात नाही. ज्या देशांना ही पद्धत मुरलेली आहे, त्यांनीच कपचं दार लावून घेतलं, आणि इंग्लंडने नेमकं तेच उघडलं.

आपल्याकडेही हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. फुटबॉलचा ड्युरँड कप १८८८ चा. २०२१ मध्ये एफसी गोवाने तो जिंकला, आणि पुढच्या वर्षी जेतेपद राखायला मुख्य संघाऐवजी तरुणांचा संघ पाठवला. ती पोरं जीव तोडून खेळली, त्यांना बोल नाही. पण कोल्हापूरच्या माणसाला हे लगेच समजेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असतो तेव्हा गॅलरीत पेठच्या पेठ उतरते. त्या स्पर्धेत एखाद्या बड्या व्यावसायिक क्लबने सरावासाठी आपला ज्युनिअर संघ घातला, तर त्याच्या बाजूची गॅलरी कोण भरणार? सामना होईल, गोल होतील, पण भांडायला समोर कुणी नसेल.

'अंतिम सामन्याला ८५ हजार आले, म्हणजे लोकांनी नवं स्वरूप स्वीकारलं', असं २०१९ नंतर सांगितलं गेलं. ते ८५ हजार पोर्ट्समथ आणि सुंदरलँडचे होते. दोन बंदरांची शहरं, दोन जुने क्लब. अकादमी संघांना बघायला त्यातला एकही आला नव्हता.

आणि हे थांबलेलं नाही. २०२४-२५ पासून पाचव्या श्रेणीतल्या नॅशनल लीगच्या क्लबांसाठीही अशीच स्पर्धा सुरू झाली आहे, १६ क्लब ते आणि १६ अकादमी संघ. त्याच हंगामापासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतले फेरसामने बंद झाले. २००५ मध्ये एक्झिटरने मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० बरोबरी साधून फेरसामना मिळवला होता, आणि त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने चाहत्यांच्या मालकीचा तो क्लब कर्जातून सावरला. तसा फेरसामना आता कुणालाच मिळणार नाही. लहान क्लबांच्या हातातून जुनं काढून घ्यायचं आणि बदल्यात मोठ्या क्लबची पोरं पाठवायची, असा हा व्यवहार चाललाय.

गट पूर्ण करायला जास्तीचे १६ संघ हवेतच, असं आयोजक म्हणतील. मग नॅशनल लीगमधले १६ क्लब घ्या. नवं काहीच नाही यात. २००० ते २००६ या काळात कॉन्फरन्समधले (नॅशनल लीगचं तेव्हाचं नाव) क्लब या ट्रॉफीत खेळतच होते. ते दार बंद केलं, म्हणून २००९ चा विजेता ल्युटन पुढच्या वर्षी आपला कप राखायलाही उतरू शकला नाही. साउथएंडसारखा क्लब २०२१ मध्ये लीगमधून बाहेर पडला, बंद पडायची वेळ आली, तरी त्याचे लोक मैदानावर येत राहिले. मंगळवारी रात्री ल्युटनच्या मैदानात ओक रोडवरच्या घरांखालून, त्या अरुंद जिन्याने वर चढून येणारे पाहुणे असे असावेत. प्रीमियर लीगने पैसा द्यावा, जरूर द्यावा, पण पोरांच्या संघाची अट न घालता. आणि युनायटेड, चेल्सी, लिव्हरपूलवाल्या मित्रांनो, तुमच्या क्लबच्या पानावर या ट्रॉफीतल्या विजयाची पोस्ट आली तर खाली एवढं जरूर लिहा, की आमची पोरं लोनवर पाठवा, हा कप त्यांचा त्यांना खेळू द्या.