लाल किल्ला सोमवारी रिकामा असतो, कारण तो बंद असतो

रविवारी सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या मावशीचा फोन आला. "दिल्लीचं ठरलं बघ आमचं. भिशीतल्या सहा जणी. तिकिटं तेवढी तू काढून दे. कुठनं जायचं, कुठं उतरायचं, सगळं लिहून आलंय. तसंच कर म्हणजे झालं."

लिहून आलंय म्हणजे अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘दिल्ली दर्शन : विमान कंपन्या लपवतात ती ९ गुपितं’. खाली ‘एका निवृत्त एअरलाइन अधिकाऱ्याकडून’. कुठली एअरलाइन, कसला अधिकारी, पत्ता नाही. दुपारपर्यंत तोच मेसेज मिरजेच्या मेहुण्याकडून आला आणि कुपवाडच्या एका कारखानदार मित्राकडूनही. दोघांनी वर ‘उपयुक्त माहिती’ असं जोडलेलं. वाचला मात्र दोघांनीही नसणार. मेहुण्यानं दिल्लीत चार वर्षं नोकरी केली आहे. पाचवं गुपित वाचलं असतं तर त्यानं तो पुढे ढकलला नसता.

तर आधी ते पाचवंच. "रविवारी रात्रीचं विमान स्वस्त पडतं. रात्री पोचा, सोमवारी सकाळी लाल किल्ला, दुपारी लोटस टेंपल, संध्याकाळी अक्षरधाम करा. सोमवारी गर्दी नसते."

गर्दी असेल कशी? ही तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात! किल्ला ज्यांच्या ताब्यात आहे त्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानंच ‘सोमवारी बंद’ असं स्वच्छ सांगितलेलं आहे, ते वाचायला निवृत्त अधिकारी असावं लागत नाही. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय बंद. नातवंडं बरोबर असती तर रेल्वे म्युझियम दाखवायचं म्हणाल, तर तेही बंद. सदाशिवरावभाऊंनी १७६० साली दिल्लीचा किल्ला घेतला तेव्हा त्यांना वार बघावा लागला नव्हता, आपल्याला बघावा लागतो.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. "बरं, मग कुतुबमिनार बघू की," एवढंच म्हणाली. ते खरं आहे. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर रोज उघडी असतात, बंगला साहिब गुरुद्वाराही. मग मी सांगितलं की सरोजिनी नगरचा बाजारसुद्धा सोमवारीच बंद असतो. तेव्हा मात्र पलीकडे शांतता पसरली. थोड्या वेळानं आवाज आला, "मग रविवारी जाऊन काय उपयोग?" किल्ल्यानं झालं नाही ते कुर्त्यांनी झालं. (चांदणी चौकाची सुट्टी रविवारी असते. म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार अशी ट्रिप काढली तर बाजार अर्धा आज बंद आणि अर्धा उद्या.) आणि आग्र्याला जायचं असेल तर शुक्रवार टाळायचा, त्या दिवशी ताजमहाल बंद. म्हणजे आधी कुठल्या दिवशी काय उघडं आहे ते मांडायचं आणि मग विमान बघायचं. मेसेजमध्ये गाडी उलटी जुंपलेली आहे: आधी स्वस्त विमान, मग त्याच्यामागे फरफटत ट्रिप.

पाचवं हसण्यावारी नेता येतं, सातवं येत नाही. "विमानतळावरचे प्रीपेड टॅक्सीवाले लुटतात. बाहेर उभ्या असलेल्या माणसांशी घासाघीस करा, निम्म्या पैशांत हॉटेलवर सोडतात." साठीच्या पुढच्या सहा बायकांना हा सल्ला. रात्री. दिल्लीत.

मी हे निम्म्या पैशांचं प्रकरण स्वतः भोगलेलं आहे. २०१६ च्या मे महिन्यात बायको, मुलगी आणि मी. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, अतिशय अदबीनं बोलणारा एक माणूस पुढे आला. ‘सरकारी रेट’ म्हणाला. आम्ही बसलो. वाटेत त्यानं हॉटेलचं नाव विचारलं आणि ‘कन्फर्म करून घेऊ साहेब’ म्हणत स्वतःच्याच फोनवरून नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमचं बुकिंग रद्द झालंय, त्या भागात रस्ता बंद आहे. मग गाडी एका ऑफिससमोर थांबली. दारावर मोठ्या अक्षरांत ‘टुरिस्ट इन्फर्मेशन’, आत भारताचा नकाशा, वातानुकूलित खोली आणि चहा. दीड तास आम्हाला श्रीनगरची हाऊसबोट विकण्याचा उद्योग चालला होता. मुलगी तिथंच खुर्चीत झोपली. शेवटी बायकोनं स्वतःच्या फोनवरून हॉटेलला फोन लावला, तर बुकिंग जागच्या जागी होतं आणि रस्ताही उघडा. गाडीवाल्याला ठरल्याच्या दुप्पट देऊन सुटलो. दिल्लीत हा प्रकार इतका जुना आहे की त्यात नवीन सांगण्यासारखं काहीच नाही, तरी दर मोसमात कुणीतरी त्या खुर्चीत बसलेलं असतंच. केंद्राच्या पर्यटन खात्याचं माहिती कार्यालय आहे ८८, जनपथ इथं. टॅक्सीवाला त्याहून वेगळ्या कुठल्याही ‘सरकारी’ ऑफिसापुढे गाडी थांबवायला लागला की उतरायचं नाही.

आता प्रीपेडची गंमत. विमानतळावर दिल्ली वाहतूक पोलिसांचा प्रीपेड बूथ असतो. कुठं जायचं ते सांगायचं, पैसे तिथंच भरायचे, चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीवर गाडीवाल्याचे पैसे अडकलेले असतात, म्हणून ती मुक्कामी उतरल्यावर, सामान हातात आल्यावर द्यायची. आधी नाही. तो गाडीत बसल्याबसल्या ‘चिठ्ठी द्या’ म्हणेल, तर गोड हसायचं आणि पर्समध्ये ठेवायची. मावशीला हे मी तीनदा सांगितलंय, कारण ती स्वभावानं मागितलं की देणारी आहे.

तरी सहा जणी आणि सहा बॅगा म्हणजे दोन टॅक्स्या आल्या. त्यापेक्षा मेट्रो. इथं आठवं गुपित आडवं येतं: "मेट्रोत बॅगा नेऊ देत नाहीत." कुणी सांगितलं? विमानतळासाठी मुद्दाम वेगळी लाईन काढली आहे, २०११ पासून चालू आहे, ती काय लोकांनी हात हलवत जावं म्हणून? प्रवासाची बॅग चालते, वजनाची मर्यादा तेवढी असते. बॅग तपासणीच्या यंत्रातून जाते, बाकी काही नाही. टर्मिनल ३ पासून नवी दिल्ली स्टेशन साधारण वीस मिनिटं, आणि सहा जणींचं भाडं मिळूनही एका टॅक्सीपेक्षा कमी. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायच्या. रात्री साडेअकराच्या आसपास ही गाडी थांबते, त्यामुळे विमान उशिराचं असेल तर प्रीपेडच. आणि नवी दिल्लीचं हे मेट्रो स्टेशन अजमेरी गेटच्या बाजूला आहे. मेसेजमध्ये सुचवलेलं ‘स्टेशनसमोरचं स्वस्त हॉटेल’ पहाडगंजला, म्हणजे रुळांच्या पलीकडे. मधला पादचारी पूल बॅगा उचलून ओलांडताना ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी आधीच रिक्षा धरावी.

दुसऱ्या गुपितात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. "दिल्लीला हिंडन नावाचा दुसरा विमानतळ आहे, लाल किल्ल्याला जवळ." आहे. लाल किल्ल्याला अंतरानं जवळही आहे. पण तो दिल्लीत नाही, उत्तर प्रदेशात गाझियाबादला आहे. हवाई दलाचा तळ आणि त्याच्या कडेला छोटं नागरी टर्मिनल. मेट्रो स्टेशन पायी जाण्यासारखं नाही, आधी रिक्षा. मग रेड लाईननं काश्मिरी गेट, तिथं गाडी बदलून लाल किल्ला. हॉटेल जुन्या दिल्लीच्या बाजूला असेल आणि वेळ सोयीची असेल तर जरूर घ्या. पण हॉटेल करोल बागेत आणि विमान हिंडनला, असं करून वाचलेले पैसे रिक्षावाल्याला द्यायचे असतील तर गोष्ट वेगळी.

तिसरं जास्त त्रासाचं आहे. "दिल्ली म्हणजे दिल्ली, टर्मिनल बघू नका, आतून चालत जाता येतं." टी-२ आणि टी-३ शेजारी आहेत, तिथं चालणं शक्य आहे. टी-१ मात्र काही किलोमीटर लांब, रस्त्यानं जावं लागतं. मेट्रोसुद्धा वेगळी: टी-३ ला विमानतळाची खास लाईन, टी-१ ला मॅजेंटा लाईन, आणि तिथून नवी दिल्लीला यायचं तर हौज खासला गाडी बदलायची. बरं, मागच्या वेळी टी-१ होतं म्हणून याही वेळी असेल असंही नाही. २०२४ च्या जूनमध्ये पावसात टी-१ चं छत कोसळलं तेव्हा तिथली विमानं दुसऱ्या टर्मिनलांवर हलवली. २०२५ मध्ये टी-२ दुरुस्तीसाठी बंद झालं, पुन्हा उघडलं. म्हणून जाताना काय छापलंय ते बघा आणि परतीच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघा. परतीचं विमान चुकलं की नवीन तिकिटाला जे पैसे पडतात त्यात नऊच्या नऊ गुपितांची बचत बुडते.

चौथं, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं विमान स्वस्त म्हणून घ्या. घ्या, आणि दिल्लीच्या धुक्यात पाच तास खुर्चीवर बसा. पुढे.

आता पहिलं. माझ्या मावशीला पटलेलं नेमकं तेच, कारण त्यात आकडा आहे: "पुण्याऐवजी मुंबईहून उडा, माणशी ८०० रुपये वाचतात." हे गुपित लिहिणारा पुण्यात राहत असेल, सांगलीत नक्कीच नाही. इथून पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. मुंबई त्याच्यापुढे आणखी दीडशे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलात तर भल्या पहाटे चेंबूरला नाहीतर सायनला उतरवणार, तिथून रिक्षा-टॅक्सी, आणि पुन्हा तोच प्रश्न, टी-१ की टी-२? जादा तिकीट, चहा-नाश्ता, जागरण धरलं तर ८०० कुठं गेले ते शोधावे लागतील. एक मात्र खरं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय आणि तो आपल्या बाजूला आहे. पनवेल-कळंबोलीला उतरलं की पुढचा सायन-चेंबूरचा सगळा प्रवास वाचतो. मुंबईचंच तिकीट पदरात पडलं तर निदान तिथलं बघा. पण मेसेजमध्ये त्याचं नावही नाही, यावरून ही गुपितं किती शिळी आहेत ते कळतं.

पुण्याचं म्हणाल तर एसटीनं स्वारगेट. स्वारगेटला आता खालीच मेट्रो आहे, २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली. जिल्हा न्यायालयाला बदलून रामवाडीपर्यंत जाता येतं, तिथून लोहगावला रिक्षा. विमानतळात मेट्रो जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही, ती सहाला सुरू होते.

"कोल्हापूर विमानतळ फसवा आहे," असं सहावं गुपित. फसवा वगैरे काही नाही. उजळाईवाडी आपल्याला सगळ्यात जवळ, तासाभराचं अंतर, पण दिल्लीला जायचं तर मध्ये कुठंतरी विमान बदलावं लागतं. त्यापेक्षा बेळगाव बघावं, असं मी म्हणतो. सांबऱ्याहून दिल्लीला थेट विमान २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. मिरजेहून बेळगाव रेल्वेनं तीन तासांच्या आसपास. आपल्या तारखेला जागा आहे का, वेळ जमते का, हे तिकिटाच्या ॲपवर दोन मिनिटांत दिसतं.

नववं, "रेल्वेनं दिल्लीला जाणं आता वेडेपणा आहे." मिरज जंक्शनच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे. गोवा एक्सप्रेस मिरजेहून थेट निजामुद्दीनला जाते, वाटेत आग्रा कँट. दोन रात्री गाडीत जातात हे खरं. पण ज्यांना आग्रा बघायचंच आहे त्यांनी जाताना तिथं उतरावं आणि येताना विमानानं यावं. यात वेडेपणा कुठला?

तर शेवटी तिकिटं काढली ती मंगळवारी दुपारी दिल्लीला उतरणारी, शुक्रवारी संध्याकाळी परतणारी. आग्रा गुरुवारी. सरोजिनी नगर बुधवारी, ते मावशीनं स्वतः ठरवलं. सहापैकी पाचच तिकिटं. सहाव्या काकू म्हणतात मी गोवा एक्सप्रेसनंच येणार, दोन दिवस आधी निघेन, तुम्ही मला निजामुद्दीनला घ्यायला या. वाटेत खायला काय काय न्यायचं त्याची यादी त्यांनी भिशीच्या ग्रुपवर टाकली आहे. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पक्की झालीय, दशम्यांवर अजून वाद चालू आहे.