सकाळची शुगर आणि रात्रीच्या ताटावरचा खोटा आळ

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी चाळीच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि शेवटी मावशीकडून, 'आईला नक्की वाचायला दे' असं लिहून. त्यात म्हटलंय: उपाशीपोटी शुगर जास्त आली म्हणजे रात्री खाण्यात चूक झाली. रात्रीचं जेवण बंद करा, आठ दिवसांत आकडा खाली येईल. नाही आला तर झोपेत शुगर पडते आहे असं समजा, गोळी अर्धी करा आणि झोपताना दूध-बिस्किटं खा. गोळ्यांनी लिव्हर खराब होतं, त्यापेक्षा सकाळी मेथीचं पाणी प्या.

आईला टाइप टू मधुमेह होऊन 11 वर्षं झाली. आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहतो, तिथे कुणी काय खाल्लं हे लपत नाही. तरीही सकाळी 170, 180 असे आकडे यायला लागले तेव्हा आम्ही तिच्यावरच संशय घेतला. मी लाडवांचा डबा माळ्यावर टाकला. दादाने तिला विचारलं, 'रात्री उठून काही खाल्लंस का?' ती काही बोलली नाही, नुसती पाण्याचा हंडा उचलून आत गेली. म्हणून या मेसेजमधलं पहिलंच वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं.

'रात्री खाण्यात चूक झाली.' असेलही, पण नसेलही. आपल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. नुसता मेंदूच तासाला साधारण पाच ग्रॅम वापरतो. रात्रभर पोटात काही जात नसताना ही साखर कुठून येते? लिव्हरमधून. लिव्हर साखरेचा साठा ठेवतं, लागेल तशी नवीन तयारही करतं आणि रक्तात सोडत राहतं. पहाटे तीन-चारनंतर शरीर जागं व्हायची तयारी करतं. कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढायला लागतं, रात्री स्रवलेल्या ग्रोथ हार्मोनचा परिणामही असतो, आणि लिव्हर जास्त साखर सोडतं. ज्याला मधुमेह नाही त्याचं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्शुलिन सोडून ही वाढ आवरतं. टाइप टूमध्ये इन्शुलिन अपुरं पडतं आणि लिव्हर त्याचं पुरेसं ऐकतही नाही, म्हणून आकडा चढतो. डॉक्टर याला 1980च्या दशकापासून डॉन फिनॉमेनन, म्हणजे पहाटेची वाढ, म्हणतात. पथ्य काटेकोर पाळणाऱ्या माणसालाही हे होतं.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे पाणी पहाटे पाचला येतं. ती पाचला उठायची, पाणी भरायची आणि साडेसातला बोट टोचायची. उठल्यानंतर काही खाल्लं नाही तरी बऱ्याच जणांची शुगर वाढत राहते. पाचचा आकडा आणि साडेसातचा आकडा आम्ही एकच समजत होतो.

'रात्रीचं जेवण बंद करा.' हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. आपल्याकडे असंख्य लोक मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असलेली एकत्र गोळी घेतात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे त्याला कळत नाही. ती गोळी घेऊन उपाशी झोपलात तर शुगर 70च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळ, आणि माणूस एकटा झोपलेला असेल तर कळणार कुणाला? इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. जेवण बंद करण्यापेक्षा वेळ बदलणं वेगळं. दादा अंधेरीहून घरी पोहोचेपर्यंत दहा वाजतात आणि आई त्याच्यासाठी थांबायची. साडेदहाला जेवून अकराला झोपलं तर जेवणाची वाढ रात्रीत रेंगाळते. आता ती आठला जेवते आणि चाळीच्या गॅलरीत वीस मिनिटं फेऱ्या मारते. दादाचं ताट झाकून ठेवलेलं असतं.

'झोपेत शुगर पडते आहे असं समजा.' या कल्पनेला जुना इतिहास आहे. मायकेल सोमोजी नावाच्या संशोधकाने 1938 मध्ये मांडलं की इन्शुलिनमुळे रात्री साखर खाली गेली तर शरीर घाबरून उलट ती वर फेकतं. तेव्हा रात्रभर मोजायची सोय नव्हती. आता दंडावर सेन्सर लावून रात्रीचा आलेख बघता येतो, आणि त्यात बहुतेकदा असं दिसतं की रात्री शुगर खाली गेलेल्यांची सकाळची शुगरही कमीच असते. म्हणजे सकाळच्या चढ्या आकड्यामागचं हे नेहमीचं कारण नाही. आणि समजा कुणाचं तसं होत असेल, तर ते 'समजा' म्हणून कळत नाही, मोजून कळतं.

मोजणं अवघड नाही. दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्या उठल्या शुगर बघायची. आईचे एका रात्रीचे आकडे होते 138, 131 आणि 176. रात्रभर जवळजवळ सपाट आणि पहाटे चढ, म्हणजे लाडवांचा काही संबंध नव्हता. झोपतानाच 210 असेल आणि सकाळीही 200, तर जेवण, त्याची वेळ किंवा औषध यांच्याकडे बघायला हवं. तीनला 62 आली तर आधी साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि सकाळी डॉक्टरांना फोन करायचा. या तिन्ही प्रकारांत उपाय वेगळे, आणि मेसेज मात्र सगळ्यांना एकच सांगतो.

मोजताना हात साबणाने धुऊन पुसा. आंबा कापलेल्या बोटाचा थेंब खोटा आकडा देतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या पट्ट्या खराब होतात. चांगल्या मीटरमध्येही 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणून 142 आणि 150 वरून घरात वाद घालू नका. ताप, अपुरी झोप, घोरताना श्वास अडकणं, गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, या सगळ्यांनी आकडा वाढतो. डॉक्टरांना तेही सांगा.

'गोळ्यांनी लिव्हर खराब होतं.' सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन, आणि तिचं मुख्य कामच लिव्हरमधून सुटणारी जादा साखर कमी करणं. म्हणजे पहाटेच्या या वाढीवर जे औषध काम करतं तेच बंद करायला मेसेज सांगतो. मेटफॉर्मिन घेताना किडनीची तपासणी वेळोवेळी करावी लागते, ती चुकवू नका. जे वनस्पतीवर विश्वास ठेवतात त्यांच्यासाठी: या औषधाचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झाडात सापडलेल्या द्रव्याशी जोडलेलं आहे, आणि मधुमेहासाठी ते 1957 पासून माणसांना दिलं जातंय.

मेथीशी माझं भांडण नाही. तिच्यातला चोथा खाल्लेल्या अन्नातली साखर हळू शोषू देतो, म्हणून जेवणात मेथी असावी. पण पहाटेची साखर आतड्यातून आलेली नसते, ती लिव्हरने आधीच रक्तात सोडलेली असते. साडेसातला प्यायलेलं पाणी तिला मागे कसं नेणार?

डॉक्टरांनी आईचे आकडे पाहून एका गोळीची वेळ आणि मात्रा बदलली. बहुतेकांसाठी उपाशीपोटीचं लक्ष्य 80 ते 130 असतं, आई सध्या 135 ते 145 मध्ये आहे. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए1सी, पुढच्या महिन्यात बघायची आहे.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, 'अगं, मी पाच दिवसांपासून रात्रीची गोळी अर्धीच घेतेय आणि जेवत नाहीये.' मी तिला आज वेळेवर जेवायला सांगितलं आणि फोन ठेवायच्या आधी तिच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतला. संध्याकाळी सहाची वेळ मिळाली आहे. मी चर्नी रोडहून पाचची गाडी पकडतेय, मीटर आणि पट्ट्यांची डबी सोबत घेऊन.