शिसं गेलं, त्याचा फ्लेक्स कुठं लागला नाही

बेळगावात फ्लेक्स कशाचाही लागतो. नगरसेवकाच्या पोराच्या वाढदिवसाचा लागतो, सोसायटीवर बिनविरोध निवड झाली म्हणून लागतो, शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलाचा तर हमखास लागतो (आणि त्या सगळ्यांत बैलच खरा लायक असतो, हे माझं प्रामाणिक मत). पण फेब्रुवारी 2000 मध्ये देशभरच्या पेट्रोलमधून शिसं काढून टाकलं, त्याचा फ्लेक्स ना बोगारवेशीत दिसला, ना आरपीडी चौकात. पेपरात कुठंतरी आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील. गाड्या तशाच धावत राहिल्या आणि विषय संपला.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमचा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, पण पाऊस जास्त झाला की, कमी झाला की, खानापूरकडं झाडं तुटली की त्याचं एकच पालुपद. "मामा, आता काय उपयोग नाही हो. सगळं संपलंय." परवा त्याला म्हटलं, "तू जन्मलास तेव्हा हवेत आमच्या वेळेचं शिसं नव्हतं बाबा, म्हणून एवढा तरी विचार करतोयस." तो हसला. मला वाटतं त्याला ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती ती. मी आयुष्यभर गॅरेज चालवलं. आमच्या पिढीच्या मेकॅनिकला पेट्रोल म्हणजे साबण होता. उघडलेल्या इंजिनाचे पार्ट डब्यात पेट्रोल ओतून धुवायचे, मग त्याच पेट्रोलात कोपरापर्यंत हात धुवायचे आणि लुंगीला पुसून चहाला जायचं. टाकीतलं पेट्रोल काढायचं झालं तर नळी तोंडात धरून ओढायची. कार्बोरेटरचा जेट तुंबला तर ओठाला लावून फुंकायचा. प्लग काढला की त्याच्या टोकावर राखाडी थर असायचा. तो तारेच्या ब्रशानं घासला की बारीक भुकटी उडायची, नाकापुढंच. गॅरेजातली बारकी पोरंच हे प्लग घासायचं काम करायची, कारण त्याला अक्कल लागत नाही असं आम्ही समजायचो. त्या राखाडी थरात शिसं होतं.

शिसं पेट्रोलात का घालत होते, ते गाडीवाल्यांना माहीत असेल. हलकं पेट्रोल इंजिनात वेळेआधी पेटतं आणि खटखट येते, म्हणजे नॉकिंग. टेट्राइथाइल लेड थोडं मिसळलं की ती खटखट जाते. स्वस्तातला उपाय. आपल्याकडं साध्या पेट्रोलात लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं चालायचं. आकडा बारका दिसतो. पण गोवावेशीतून दिवसभर जाणाऱ्या गाड्यांचा हिशेब करा, आणि ते शिसं धुरातून बाहेर पडून कुठं जात असेल ते बघा. रस्त्याच्या धुळीत, भाजीच्या गाड्यावर, रांगणाऱ्या पोराच्या हाताला, तिथून तोंडात. शिशाचा मारा पोरांच्या मेंदूवर होतो, आणि रक्तातली अमुक इतकी मात्रा धोक्याची नाही असं म्हणायला जागतिक आरोग्य संघटना आजही तयार नाही.

पेट्रोलात शिसं घालायचं ज्यानं शोधलं तो थॉमस मिजली नावाचा अमेरिकन. ते रसायन बनवणाऱ्या कारखान्यात शिशाच्या विषानं कामगार वेडे होऊन मेले, बोंबाबोंब झाली, तेव्हा ऑक्टोबर 1924 मध्ये या माणसानं न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना बोलावून तेच रसायन स्वतःच्या हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. बघा, काही होत नाही! मुळात त्याला स्वतःला त्याआधी शिशाची बाधा होऊन गेली होती. (त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यासाठी खणलेली विहीर अजून आहे. एका वर्षात जगात काय काय चाललेलं असतं!) कंपन्यांनी मिजलीचं ऐकलं, सरकारांनी ऐकलं, आणि पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं जगभर आमच्यासारखे त्यात हात धूत बसले.

ते थांबलं कसं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुणी आम्हा मेकॅनिकांना येऊन व्याख्यान दिलं नाही. "शिशाचं पेट्रोल टाळा, पोरांना वाचवा" असा बोर्ड पंपावर लागला नाही. 1994 मध्ये चार महानगरांत शिसं कमी केलेलं पेट्रोल आलं, 1995 ला त्याच शहरांत नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं आलं, 1997 पासून देशभर प्रमाण उतरवलं आणि 2000 मध्ये पूर्ण बंद. सगळं रिफायनरीत. आमच्या पंपावरचा माणूस तोच, नळी तीच, शिव्याही त्याच. तेव्हा गॅरेजात चर्चा मात्र मोठी चालायची. जुन्या ॲम्बॅसिडरवाल्यांना भीती होती की शिसं गेलं की इंजिनातली व्हॉल्व्ह सीट झिजून खराब होणार. एक ट्रॅक्सवाला मला म्हणालेला, "आता तुमचा धंदा जोरात चालतंय बघा." नाही चालला. दोन-चार जुन्या इंजिनांचं काम निघालं असेल, बाकी कुणाला कळलंसुद्धा नाही. जगात हे विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तिथं ते 2021 मध्ये बंद झालं.

मला आभार मानायचेत ते या न दिसणाऱ्या कामाचे. कुठल्या तरी रिफायनरीत कुणीतरी नवा प्लांट बसवला, कुठल्या तरी खात्यातल्या अधिकाऱ्यानं तारीख ठरवली आणि ती पुढं ढकलली नाही. आपल्या देशात तारीख पुढं न ढकलणं ही शौर्यपदकाची गोष्ट आहे.

मिजलीनं आणखी एक शोध लावला होता. फ्रिजमधला गॅस, फ्रिऑन. एकाच माणसानं दोन्ही! आमचा एक मित्र खडेबाजारात फ्रिज दुरुस्ती करायचा. जुना फ्रिज आला की आधी पाइप कापायचा, सुऽऽस करून गॅस हवेत, मग नवीन चार्जिंग. आर-ट्वेल्व म्हणायचे त्याला. तो सुऽऽस वर ओझोनच्या थरापर्यंत जातो हे त्याला कोण सांगणार? 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनला भोक पडल्याचं दाखवलं, आणि 16 सप्टेंबर 1987 ला मॉन्ट्रियलमध्ये करार झाला. दोन वर्षांत! आमच्या गल्लीत गटारावर फरशी टाकायला याहून जास्त वेळ लागलाय.

त्या करारात भारत लगेच शिरला नाही, आणि ते बरोबरच होतं असं माझं मत आहे. थर फाडला श्रीमंतांच्या फ्रिजनी, मग गरिबानं आपल्या खर्चानं गॅस का बदलायचा? 1990 मध्ये लंडनच्या बैठकीत भारत आणि चीननं पैसा आणि तंत्रज्ञान मागून घेतलं, त्यासाठी वेगळा निधी उभा राहिला, आणि मग 1992 मध्ये आपण आत गेलो. आणि आत गेल्यावर काम केलं. 2008 मध्ये आपल्याकडं हे फ्रिऑनच्या जातीचे गॅस, म्हणजे सीएफसी, मुदतीच्या आधी बंद झाले. औषधाच्या पंपांपुरती थोडी सवलत होती, तेवढी सोडून. आज 198 सह्या आहेत त्या करारावर, जगातला एकही देश बाहेर नाही. इकडं म्हादईच्या पाण्यावरून तीन राज्यं किती वर्षं भांडताहेत ते आपण बघतोच. नदी आपल्या खानापूर तालुक्यात उगवते, भांडण दिल्लीत चालतं.

संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी 2023 च्या जानेवारीत सांगितलं की हे असंच पाळलं तर जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन 2040 च्या सुमाराला 1980 सारखा होईल. अंटार्क्टिकावर 2066 पर्यंत थांबावं लागेल. म्हणजे भाचा म्हातारा होईल तेव्हा. आणि हेच गॅस तापमानही वाढवतात, ते तसेच चालू राहिले असते तर या शतकाच्या मध्यापर्यंत अर्धा ते एक अंश जास्तीची गरमी आली असती. बेळगावचा मे आत्ताच सोसवत नाही. हां, आर-ट्वेल्वच्या जागी जो गॅस आला तो ओझोनला धक्का लावत नाही, पण गरमी वाढवतोच. म्हणून 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला सगळे देश पुन्हा बसले आणि तोही कमी करायचं ठरवलं. एकदा दुरुस्त केलेली गाडी पुन्हा येतेच गॅरेजात, त्यात रडायचं काय?

आता मुद्द्याचं. जिथं जिथं काम झालं, तिथं पाणी वरच अडवलंय, खाली बादल्या लावत बसलेले नाहीत. शिशाच्या पेट्रोलची तोटी मोजक्या रिफायनऱ्यांच्या हातात होती. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या देशात बोटावर मोजण्याएवढ्या. गिधाडांचंही तसंच. जनावराला दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचे, ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी. आकाश काळं करणारी गिधाडं दहा-पंधरा वर्षांत दिसेनाशी झाली. 2006 मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद केलं, बदल्यात गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम आलं. गिधाडं अजून पूर्वीसारखी आलेली नाहीत, आणि माणसांची इंजेक्शनं जनावरांना टोचायची चोरी बरेच दिवस चालली. पण निदान मारेकरी सापडला आणि त्याला धरलं.

याच्या उलट प्लास्टिक. कर्नाटकात मार्च 2016 पासून पिशव्या बंद, थर्माकोल बंद, आणि हो, प्लास्टिकचा फ्लेक्ससुद्धा बंद! कायद्यात. पुढं 2018 ला महाराष्ट्रानं बंदी घातली, 2022 ला केंद्रानं एकदाच वापरायच्या वस्तूंवर घातली. तरी शनिवारच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी कशातून मिळते? भाजीवालीला पाचशे रुपये दंड करायचा आणि पिशवी बनवणारा मशीनवाला निवांत. तोटी त्याच्याकडं आहे, आणि पकडतात बादलीवाल्याला. त्यातून आमचा हा सीमाभाग, निपाणीकडून आला काय आणि चंदगडकडून आला काय, माल कुठल्याही रस्त्यानं येतो.

माझ्याच धंद्यात याचं दुसरं टोक आहे. गाडीची जुनी बॅटरी. त्यात किलोनं शिसं असतं, पण तुम्ही कधी बॅटरी उकिरड्यावर पडलेली बघितलीय? नाही दिसणार. कारण दुकानदार जुनी घेऊन नवीवर पैसे कमी करतो. कुणाला पर्यावरणाचं प्रेम उतू जात नाही, पण बॅटरी परत जाते. पुढं ती चोरून भट्टीत कोण वितळवतं आणि धूर कुठं सोडतं, ती वेगळी आणि वाईट गोष्ट आहे, तिच्यावर अजून नीट हात पडलेला नाही.

अशीच धुराची आठवण सांगतो. मार्च 2017 च्या शेवटी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 1 एप्रिलपासून बीएस-थ्री, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी मर्यादेची, गाडी विकायची नाही. दोन दिवस शोरूमवर जत्रा! हजारोंची सूट, माणसं पैसे हातात घेऊन उभी. पुढं 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स आलं, इंधनातलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 वर उतरलं, बाइकचा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. आम्हा जुन्या मेकॅनिकांचा तोटाच झाला त्यात. कानानं इंजिन ओळखायची विद्या गेली आणि स्कॅनर घ्यावा लागला. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. पण पूर्वी पहिल्या रेल्वे गेटला गेट पडलं की आरएक्स हंड्रेड आणि जुन्या स्कूटरांचा जो निळा धूर तुंबायचा, डोळे चुरचुरायचे, तो धूर आता नाही. धूळ आहे, डिझेलचा काळा भपका अधूनमधून आहे. निळा धूर नाही.

भीमगडचंही एक वाक्य लिहितो, कारण ते आपलं आहे. 2011 मध्ये खानापूरच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला, सुमारे 190 चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ, राउटनचं म्हणतात, कित्येक वर्षं जगात फक्त तिथंच सापडलेलं होतं. दर्जा मिळून सगळं आलबेल झालं असं नाही, आतल्या गावांचे हाल संपले असंही नाही. पण जंगल आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात फोटो निघालेला वाघ पुढं काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला, तो याच डोंगररांगांतून चालत गेला असणार.

तर भाच्याला माझं म्हणणं एवढंच की संपलंय म्हणायला काही लागत नाही. बळ्ळारी नाला बघ. शहराचं सांडपाणी घेऊन तो शहापूर, वडगावच्या शिवारातून जातो, पावसाळ्यात बासमतीच्या शेतात शिरतो, पुढं मार्कंडेय नदीत. घमघमणारा तो बेळगाव बासमती तांदूळ आता किती जण लावतात विचार. पण नाला म्हणजे काही अंटार्क्टिकावरचं भोक नाही. सांडपाणी कुठून येतं ते माहीत आहे, कुठं अडवून शुद्ध करायचं तेही माहीत आहे. तोटी दिसतेय. ती कुणाच्या हातात आहे, कुठल्या तारखेला बंद होणार, आणि तारीख चुकली तर कोण जबाबदार, हे तीन प्रश्न आहेत. पुढच्या वेळी मत मागायला जो कुणी दारात येईल, भगवा रुमाल घालून किंवा लाल-पिवळा, त्याला मी हेच तीन विचारणार आहे. नाल्याकाठच्या शेतकऱ्यांनी तर आधीपासूनच विचारायला सुरुवात केलीय, आपण शहरवाल्यांनी त्यांच्यामागं उभं राहायचं आहे.