सहा बर्थ आणि एक कॅसेट

न्यूझीलंडला जायचं ठरलं तोपर्यंत घरात सगळे एकमेकांशी नीट बोलत होते. बिघडलं कुठे, तर मी "हॉटेलं कशाला, कॅम्परव्हॅन घेऊ ना" असं बोलून गेलो तिथे. ख्राइस्टचर्चला गाडी घ्यायची, लेक टेकापो बघत क्वीन्सटाउनला जायचं, माउंट कुकचा फाटा सोडला तर पाचशे किलोमीटरच्या आत काम, रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी, लायसन्स इंग्लिशमध्ये असलं की चालतं, मग अडलंय कुठे?

"गाडीतच झोपायचं तर एवढं विमानाने कशाला जायचं?" इति आई.

आम्ही सहा जण, म्हणून सिक्स बर्थ. बर्थ म्हटल्यावर बाबांनी लगेच विचारलं, "लोअर मिळेल ना? सीनियर सिटिझन लिही." आता त्या गाडीत एक बेड ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो, शिडी लावून चढायचा, आणि बाकीचे दोन बेड म्हणजे दिवसा जेवायची टेबलं, रात्री टेबल खाली पाडायचं, वर गाद्या मांडायच्या की झाला बेड. हे तोंडी कुणाला पटेना म्हणून रविवारी सकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने अख्खी गाडी काढली, आईची शिलाईची टेप लावून, सात मीटर बाय सव्वादोन. हॉलमध्येच काढणार होतो, पण हॉल पुरेना, आणि तिथेच मला शहाणपण सुचायला हवं होतं.

सगळे आत उभे राहिले. बाबा म्हणाले सूनबाई जरा सरक, ती सरकली ती थेट सिंकमध्ये, मुलगा टॉयलेटमध्ये उभा राहून मोबाइल बघत होता (म्हणजे घरच्यासारखंच), आणि बायकोने पहिल्यांदाच तो प्रश्न काढला जो मला दोन महिने सुचला नव्हता: बाबा नऊला झोपतात, पोरं साडेबाराला, मग टेबलाचा बेड झाल्यावर पोरांनी बसायचं कुठे? तेवढ्यात सेक्रेटरी आले. आम्ही परस्पर नवीन पार्किंग स्लॉट आखतोय असं त्यांना वाटलं. त्यांना समजावेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आमच्या किचनवर स्कूटर लावली.

खाण्याचं वेगळंच. आईने मेतकूट, भाजणी, लोणचं, कुळथाचं पीठ अशी यादी केली होती, तिला सांगितलं की तिकडे खायची एकूण एक वस्तू फॉर्ममध्ये लिहून द्यावी लागते, लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड, मध तर चालतच नाही, आणि बुटाला चिकटलेली मातीसुद्धा तपासतात. आई म्हणाली, "मग लिहू की, मला काय लिहिता येत नाही?" आणि कुळीथ इंग्रजीत कसा लिहायचा हे नातीला विचारायला गेली. मी गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशने ट्रेकच्या बुटातला राजगड खरवडतोय.

आणि मग कॅसेट. माझा समज असा होता की संध्याकाळी तळं दिसलं की थांबायचं. तसं नसतं. कॅम्पसाइट सोडून फुकट मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे पाणी, सांडपाणी, टॉयलेट सगळं पोटात घेऊन फिरणारी लागते, आणि 2023 च्या कायद्यापासून त्यात टॉयलेट पक्कं बसवलेलं हवं, नुसतं डबडं ठेवून भागत नाही. त्या टॉयलेटखाली एक टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात.

"कॅसेट?" बाबा खूश. "माझ्या अभंगांच्या आहेत माळ्यावर."

मी सांगितलं की बाबा, ही कॅसेट भरली की बाहेरून दार उघडून ओढून काढायची, तिला सुटकेससारखी चाकं असतात, ती चालवत डंप स्टेशनला, म्हणजे हे ओतायच्या ठरलेल्या जागी न्यायची, झाकण उघडायचं, ओतायची, विसळायची, परत बसवायची. सहा माणसं म्हणजे बहुतेक रोजच.

पार्किंगमध्ये कुणीच काही बोललं नाही. मुलाने मोबाइल खिशात टाकला आणि खडूच्या टॉयलेटमधून हळूच बाहेर आला. बाबांनी एवढंच विचारलं, "कॅम्परव्हॅनची आयडिया कुणाची?"

रात्री बायकोने ग्रुपवर एक्सेल टाकली. चहा आई, नकाशा मुलगी, गाद्या घालणं मुलगा, हिशेब ती स्वतः, बाबांसमोर "देखरेख". कॅसेटसमोर माझं नाव, बाराच्या बारा दिवस. बदलायला गेलो तर तेवढे सेल पासवर्ड लावून लॉक केलेत.