हात का चावतो, ते आधी विचारा

आमच्या दादाचा मुलगा सात वर्षांचा आहे. डिचोलीजवळच्या एका गावात मराठी शाळेत दुसरीत शिकतो. त्याला ऑटिझम आहे. बोलतो थोडंच, आणि तेही बहुतेक वेळा कुठेतरी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं. गेल्या चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि तो वर्गात हात चावायला लागला, आणि मग घरीही. उजव्या हाताचा, अंगठ्याखालचा मांसल भाग. वहिनीने व्हिडिओ कॉलवर तो हात कॅमेऱ्यासमोर धरला, तेव्हा कातडी जाड आणि पिवळट झालेली दिसली, वर ताजे दात उमटलेले. गवंड्याच्या हाताला पडतो तसला घट्टा.

शाळेने दादाला तोंडी सांगितलं, "थोडे दिवस घरीच ठेवा. सुधारला की आणा. बाकीची मुलं घाबरतात." लेखी काहीच दिलं नाही.

मग घरात जी चर्चा सुरू झाली ती गोव्यातल्या कुठल्याही घरात झाली असती. काका म्हणाले, वेळीच दोन धपाटे घातले असते तर ही वेळ आली नसती. आईने तीन दिवस मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, लक्षच देऊ नका, कंटाळून सोडून देईल. दादाच्या मित्राने एका सेंटरचा पत्ता दिला, तिथे 'एबीए' (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, म्हणजे वागण्याच्या शास्त्रावर आधारलेले उपचार) करतात म्हणून. त्यावर वहिनीच्या बहिणीचा पुण्याहून फोन आला, एबीए म्हणजे मुलाला सर्कशीतल्या जनावरासारखं वळण लावणं, तिकडे चुकूनही फिरकू नका. काय करायचं यावर पाच जणांची पाच मतं होती. तो हात कशासाठी चावतो, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मी चौदा वर्षं न्यू जर्सीत राहते. त्यातली नऊ वर्षं इथल्या सरकारी शाळेत, विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करते. मी तज्ज्ञ नाही, तज्ज्ञांनी आखून दिलेलं रोज मुलांच्या शेजारी बसून करणारी आहे. म्हणूनच या वादात बोलावंसं वाटलं. एबीए करावं की करू नये, असा तो वाद सगळीकडे चालतो. पण या शास्त्रातली सर्वांत मोलाची गोष्ट त्या दोन टोकांच्या मध्येच राहून जाते.

ती गोष्ट अशी. १९८२ साली मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी जोडलेल्या एका संस्थेत, स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटं वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं. एका परिस्थितीत मोठं माणूस आपल्या कामात गढलेलं असे आणि मुलाने इजा करून घेतली की लगेच जवळ येऊन "असं करू नको हं" म्हणे. दुसऱ्या परिस्थितीत मुलाला अवघड काम दिलं जाई आणि इजा करून घेतली की काम थोडा वेळ थांबे. तिसऱ्यात मूल एकटंच असे. चौथ्यात खेळणी आणि सोबत दोन्ही असे, काम मात्र काहीच नसे. नवातल्या सहा जणांचं वागणं या परिस्थितींपैकी एखादीतच ठळकपणे वाढलं, आणि ती परिस्थिती सगळ्यांची एकच नव्हती. वरून दिसायला एकच, डोकं आपटणं किंवा चावणं, पण कुणाला त्यातून माणूस जवळ मिळत होतं, कुणाची कामातून सुटका होत होती, तर कुणाला समोर कोणी असो-नसो, त्या क्रियेतूनच काहीतरी मिळत होतं.

पुढे १९९४ मध्ये याच गटाने १५२ जणांची अशी तपासणी एकत्र मांडली. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३८ टक्के, सुटकेसाठी वागणाऱ्यांचा निघाला. आपल्याकडे 'लक्ष वेधून घ्यायला करतो' हे वाक्य इतक्या सहज तोंडी येतं, म्हणून हा आकडा मी जपून ठेवला आहे. लक्ष किंवा एखादी वस्तू मिळवण्यासाठी करणारे सुमारे २६ टक्केच होते.

मी वहिनीला म्हटलं, आत्ता काहीच करू नकोस. एक जुनी वही घे आणि पानावर तीन रकाने आख. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. आणि त्याच्याही आधी त्याला डॉक्टरकडे ने. कान, दात, पोट हे सगळं बघून घे. न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं कित्येकदा असंच बाहेर येतं. खरंच, एक दाढ किडलेली निघाली. ती काढल्यावर रात्री झोपताना चावणं बंद झालं. दिवसाचं झालं नाही.

शाळेतल्या बाई चांगल्या निघाल्या, हे मुद्दाम सांगते. दादा हात जोडून भेटला तेव्हा त्यांनी दोन आठवडे शाळेतल्या नोंदी ठेवायचं कबूल केलं. एकटीने अठ्ठावीस मुलं सांभाळून त्यांनी त्या ठेवल्या. दिवाळीच्या सुट्टीत, बाहेर नरकासुराचे सांगाडे बांधण्याची गडबड चालू असताना, वहिनीने दोन्हीकडची पानं मला एकेक करून वाचून दाखवली.

शाळेच्या पानांवर 'आधी'च्या रकान्यात जवळपास एकच गोष्ट पुनःपुन्हा लिहिलेली होती. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं. 'नंतर'च्या रकान्यातही तेच ते. व्हरांड्यात नेऊन बसवलं. घरच्या पानांवर चित्र वेगळं होतं. वहिनी फोडणी घालतेय, वहिनी फोनवर आहे, पोदेर (पाववाला) आला म्हणून वहिनी दारात गेली. आणि नंतर? वहिनीने धावत येऊन हात सोडवला, फुंकर घातली, कुशीत घेतलं.

पोर तेच, हात तोच, कारणं मात्र दोन. शाळेत तो लिहिण्यातून सुटत होता, घरी त्याला आई मिळत होती.

आता घरातली सगळी मतं या वहीशेजारी ठेवून बघा. शाळा शिक्षा म्हणून व्हरांड्यात पाठवत होती, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं. दर वेळी शाळाच त्याला शिकवत होती की हात चावला की लिहावं लागत नाही. मास्तरांचा सल्ला शाळेत अगदीच निरुपयोगी होता, कारण तिथे त्याला कुणाचं लक्ष नकोच होतं. घरी तो सल्ला निम्मा बरोबर ठरला असता, पण आई हवी असलेल्या मुलाला आई मिळवायचा दुसरा रस्ता न देता नुसतं दुर्लक्ष केलं, तर चावणं आधी वाढतं आणि त्या दिवसांत हाताची दशा होते. काकांचे धपाटे? जे मूल कुणी जवळ यावं म्हणून चावतं, त्याच्याजवळ धपाटा घालायला का होईना, कुणीतरी येतंच. आणि त्याला दुखतं, हे मला इतर सगळ्याआधी म्हणायचं आहे.

काढून घ्यायचं असेल तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी हे फार सुंदर दाखवून दिलं. त्यांनी मुलांना त्रासदायक वागण्याऐवजी एक वाक्य शिकवलं. ज्यांना लक्ष हवं होतं त्यांना "मी चांगलं काम करतोय का?" आणि ज्यांना काम जड जात होतं त्यांना "मला कळत नाही." योग्य मुलाला योग्य वाक्य मिळालं की वागणं झपाट्याने कमी झालं. वाक्यांची अदलाबदल केली की काही उपयोग झाला नाही. मुलाला बोलायला शिकवणं पुरत नाही, त्याला जे म्हणायचंय तेच शिकवावं लागतं.

आम्ही शाळेसाठी एक कार्ड केलं. त्यावर व्हरांड्याचा फोटो आणि खाली 'थांबूया' हा शब्द. शब्द मराठीच ठेवायचा, हा माझा हट्ट होता. अशा मुलांशी एकच भाषा बोला, आणि ती इंग्रजी, असं सांगणारे लोक गोव्यातही आहेत आणि इथेही आहेत. ज्या भाषेत त्याची आजी त्याला जेवायला हाक मारते, ती बंद करून त्याला काय मिळणार? पहिल्या आठवड्यात कार्ड दिलं की लगेच, काही न विचारता, दोन मिनिटं व्हरांडा. चावायच्या आत कार्ड हातात यावं म्हणून ते बाकावरच चिकटवलं. नंतर आधी एक ओळ, मग कार्ड. मग दोन ओळी. घरी वहिनीच्या दंडाला हात लावून "आई, बघ" म्हणायचं शिकवलं, आणि तसं म्हणाला की करपली तर करपू दे फोडणी, पण वहिनी त्याच्याकडे बघणार, असं ठरलं.

आणि मग बाईंनी असं काही केलं जे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या ध्यानात आलं की फळ्याकडे बघून मान खाली घातली की तो ओळ हरवतो, परत वर बघतो, परत हरवतो. त्यांनी फळ्यावरचा मजकूर एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या वहीशेजारी ठेवायला सुरुवात केली. कार्डाची गरजच निम्म्याने कमी झाली. त्याला शाळेतून पळायचं नव्हतं, त्या एका छळातून सुटायचं होतं.

ते ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथल्या एका मुलाची आठवण आली.

त्याचं सगळं रीतसर झालं होतं. इथल्या कायद्यात १९९७ पासून तरतूद आहे की दिव्यांग मुलाला शिक्षा म्हणून दहा शाळेच्या दिवसांहून जास्त बाहेर ठेवायचं असेल, तर ते वागणं त्याच्या अपंगत्वातून आलंय का हे आधी ठरवावं लागतं. तसं असेल तर ते कशासाठी होतं ते तपासून आराखडा करावा लागतो. 'घरीच ठेवा' असं तोंडी सांगून भागत नाही. त्या मुलाचीही तपासणी झाली, कारणही अचूक सापडलं: सुटका. आणि आराखड्यात लिहिलं गेलं की सुटका मिळू द्यायची नाही. तो ओरडत असताना त्याच्या हातावर हात ठेवून काम पुरं करून घ्यायचं. तो हात माझा होता. सहा आठवड्यांत आलेखाची रेघ खाली आली, सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. ते काम त्या मुलाला का नकोसं होतं, हे त्या चौदा पानी अहवालात कुठेही नव्हतं. मीही विचारलं नाही. कारण शोधून ते मुलाच्याच विरुद्ध वापरता येतं, हे मी तिथे शिकले.

म्हणून वहिनीच्या बहिणीला मी खोडून काढत नाही. या शास्त्राचा इतिहास स्वच्छ नाही. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी आठवड्याला चाळीस तासांच्या ज्या एबीए उपचाराचे निकाल छापले आणि ज्यावर पुढे एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला, त्यात मुलाला दरडावणं आणि मांडीवर फटका मारणंही होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत विजेचे झटके देणारं यंत्र वापरलं जात होतं. त्यावर २०२० साली इथल्या सरकारी यंत्रणेने घातलेली बंदी २०२१ मध्ये न्यायालयात रद्द झाली. मोठे झालेले ऑटिस्टिक लोक आज सांगतात की आम्हाला शहाण्यासारखं दिसायला शिकवलं, आमचं म्हणणं कुणी ऐकलं नाही. ते खरं सांगतात. आमचा भाचा डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत तासभर बसतो. त्यात कुणाला इजा नाही. ते थांबवायचा कुणाला काय अधिकार?

पण या रागात कारण शोधायची रीतच टाकून दिली, तर मागे धपाटा आणि व्हरांडा एवढंच उरतं. मला त्याची भीती वाटते.

गोव्यात कायद्याची वाण नाही. २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळेत मारायला बंदी केली, देशभरात शिक्षण हक्क कायदा यायच्या सहा वर्षं आधी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, त्याचे फोटो मी इथे मैत्रिणींना अभिमानाने दाखवले. पर्वरीच्या 'संगात' संस्थेने तर ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या आईवडिलांना घरी जाऊन शिकवण्याचा प्रयोग केला. ते काम मुलांशी संवाद वाढवण्याचं होतं, अशा वागण्याचं नव्हतं. पण तज्ज्ञ नसलेल्या, नीट तयार केलेल्या कार्यकर्त्यांना असं काम जमतं, हे गोवा आणि रावळपिंडी इथल्या त्या अभ्यासात दिसलं, आणि तो २०१६ मध्ये लॅन्सेटच्या मानसोपचार नियतकालिकात छापून आला.

म्हणजे पाया आपल्याकडे आहे. इथल्यासारखे विम्याच्या पैशांवर चालणारे चाळीस तास गोव्याला परवडणार नाहीत, आणि माझ्या मते ते नकोच आहेत. मला हवी आहे ती प्रत्येक तालुक्यात एक अशी व्यक्ती, जी वर्गात मागे बसून दोन दिवस नुसतं बघेल आणि बाईंना ते तीन रकाने भरायला शिकवेल. ज्या मुलाचं चावणं-आपटणं जिवावर बेतणारं आहे त्याला पुरा शिकलेला तज्ज्ञच हवा, तिथे वही पुरणार नाही. पण 'घरी ठेवा' हे ऐकावं लागलेली कित्येक मुलं त्या टोकाची नसतात. आणि 'घरी ठेवा' असं म्हणायचं असेल तर शाळेने ते लेखी द्यावं, आधी काय काय करून पाहिलं त्याच्यासकट.

भाच्याचा घट्टा अजून आहे. परीक्षेच्या आठवड्यात दोनदा चावला. वेळापत्रक बदललं होतं आणि नव्या जागी कार्ड चिकटवायचं राहून गेलं होतं. पुढच्या वर्षी वर्ग बदलणार, बाईही बदलतील. वहिनीने वहीची पहिली चार पानं आणि चिठ्ठीचा एक नमुना सुवाच्य अक्षरात नव्याने उतरवून प्लास्टिकच्या फायलीत घालून ठेवला आहे. नव्या बाईंना पहिल्याच दिवशी द्यायला.